एव्हिसचा गार झालेला टी

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या आमच्या मूंटा गावात जगप्रसिद्ध माणूस एकच, एव्हिस ट्रेगेन्झा. तिला विचाराल तर ती म्हणेल, माझ्यापेक्षा बेकरीतल्या पेस्टीला, म्हणजे खिमा-बटाटा भरलेल्या करंजीला, जास्त लोक ओळखतात.

मी तिची शेजारीण. मूळची सांगलीची, इथे औषधांचं दुकान चालवते. वसुधा हे माझं नाव या लोकांनी पहिल्याच आठवड्यात कापून 'वॅझ' करून टाकलं. इथे ऐंशी उलटलेल्या बाईलाही नावानेच हाक मारतात, म्हणून मीही तिला सरळ एव्हिस म्हणते. आमच्या मध्ये एक पत्र्याचं कुंपण आहे. त्या कुंपणावरून मी जेवढं बोलले असेन तेवढं सख्ख्या बहिणीशीही बोललेले नाही.

एव्हिसची सगळी कीर्ती एका वाक्यावर उभी आहे, आणि ते वाक्य ती वैतागून बोलली होती.

झालं असं की सत्तरच्या दशकाच्या शेवटी अ‍ॅडलेडच्या एका टीव्ही चॅनलने 'निळ्या चंद्राची चौकी' नावाची मालिका काढली. पैसा नव्हता, म्हणून फुकटातला चंद्र शोधत मंडळी आमच्या गावात आली. बंद पडलेल्या तांब्याच्या खाणींचे ढिगारे इथे आयते पडले होते. राक्षसांच्या अंगावर न्हाणीघरातली पायपुसणी शिवलेली होती आणि एका राक्षसाच्या पाठीवर धुण्याच्या सूचनांची चिठ्ठी स्पष्ट दिसते, असं जाणकार सांगतात. तरीही पोरं त्या मालिकेसाठी वेडी झाली. चॅनलच्या साहेबांचं डोकं मात्र साहेबांचंच. मालिका चालते आहे म्हटल्यावर त्यांनी तिची वेळ बदलली, फुटबॉलच्या बातम्यांसमोर नेऊन बसवली, आणि मग कुणी बघत नाही म्हणून बंद केली. शेवटचा भाग एकदाच दाखवला, तोही शनिवारी संध्याकाळी, सगळा मुलूख जेवायला बसतो तेव्हा. पुढे कोऱ्या टेपा महाग पडतात म्हणून त्याच टेपेवर म्हाताऱ्यांच्या लॉन बोल्सचा, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या खेळाचा, सामना भरला. बाकीचे भाग नंतर कुठल्याशा गोदामात सापडले. शेवटचा गेला तो गेलाच.

उरला फक्त आवाज. एव्हिसचा मुलगा डेस तेव्हा पाचवी-सहावीत होता. लेनने, म्हणजे त्याच्या बापाने, वाढदिवसाला त्याला कॅसेट रेकॉर्डर दिला होता. तो टीव्हीच्या पुढ्यात ठेवून डेसने श्वास रोखून शेवटचा भाग टिपला. त्यातला शेवटचा प्रसंग असा: फितूर झालेला पिक्स गुडघे टेकून बसला आहे, पहारेकरी हार्वीने बंदूक रोखली आहे, कॅप्टन हॅलोरनने हुकूम द्यायचा तेवढा बाकी आहे. चौकीवर शांतता. त्या शांततेत स्वयंपाकघरातून एव्हिस ओरडते, "डेस! तुझा टी गार होतोय!"

इथे टी म्हणजे चहा नव्हे, संध्याकाळचं जेवण. मलाही हे पहिल्या वर्षी कुठे ठाऊक होतं? एव्हिसने टीला बोलावलं म्हणून मी घरून भरपेट जेवून, हातात बिस्किटांचा पुडा घेऊन गेले, आणि पुढ्यात मटणाचे चॉप्स, बटाटे आणि वाटाणे असं भरलेलं ताट आलं. उठताना मला धड वाकताही येत नव्हतं. त्या शनिवारीही चॉप्सच होते.

एव्हिसच्या ओरडण्यानंतर टेपेवर खरखरीतून एक पुरुषी आवाज पुटपुटतो, "राहू दे त्याला, हार्वी." मग खट्ट. टेप संपली.

या 'राहू दे त्याला'वर अख्खा पंथ उभा राहिला. डेसच्या टेपेच्या प्रती, प्रतींच्या प्रती जगभर गेल्या. या वेड्यांना 'चौकीवाले' म्हणतात. दरवर्षी सप्टेंबरात ते मूंटाच्या हॉलमध्ये जमतात, कॅनडाहून येतात, इंग्लंडहून येतात. अंधार करून टेप लावतात आणि तो क्षण आला की डॉक्टर, प्लंबर, शाळामास्तर सगळे एका सुरात ओरडतात, "डेस! तुझा टी गार होतोय!" मग चिडीचूप होऊन कॅप्टनची क्षमा ऐकतात. क्लबची अध्यक्ष ग्लेनिस रोडा, गावच्या वाचनालयातून निवृत्त झालेली. तिने या क्षमेवर एवढं लिहिलंय की तेवढ्यात एखादीची पीएच.डी. झाली असती. मला त्यातलं ओ का ठो कळत नाही, पण हिशेब नीट ठेवते म्हणून मला खजिनदार करून ठेवलंय.

डेस धान्याच्या कोठारावर कामाला लागला, लग्नबिग्न केलं नाही, आणि टेप रोज ऐकत राहिला. एव्हिसने मात्र ती कधी ऐकली नाही. हॉलमध्ये पायसुद्धा ठेवला नाही.

"मी ते एकदा बोलले, तेवढं पुरे," ती म्हणायची. "पायपुसणी नेसलेली माणसं बघायला मी तिकीट काढू?"

खरं कारण तिने मला एकदा कपडे वाळत घालताना सांगितलं. त्या शनिवारानंतरच्या हिवाळ्यात लेन गेला. वालारूच्या धक्क्यावर गव्हाचं जहाज भरत असताना उभ्याउभ्या कोसळला.

"त्या वर्षातलं मला काही ऐकायचं नाही, वॅझ," ती म्हणाली. "पण गंमत बघ. चेहरा भिंतीवर आहे, रोज दिसतो. आवाज मात्र गेला. खूप आठवून बघते. कसा बोलायचा तेच आता आठवत नाही."

मी तिच्या हातातून चिमटे घेतले आणि तिच्या चादरी वाळत घातल्या.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना सिडनीच्या एका कंपनीने मालिकेचे हक्क विकत घेतले. कंपनी सिडनीची, मालक अमेरिकेत. हरवलेल्या भागाचं चित्र नाही, तर डेसच्या टेपेवर चालतीबोलती चित्रं काढून तो भाग पुन्हा उभा करायचा, असं ठरलं. डेस हरखला. मूळ टेप त्याने टॉवेलात गुंडाळून, विमानात मांडीवर ठेवून स्वतः सिडनीला पोचवली. महिन्याभरात कंपनीने जाहीर केलं की आवाज अत्याधुनिक पद्धतीने स्वच्छ करण्यात येत असून त्यातला 'घरगुती गोंगाट' काढून टाकला जाईल.

घरगुती गोंगाट म्हणजे आमची एव्हिस.

चौकीवाले खवळले. क्लबची तातडीची सभा भरली.

"सगळ्यांनी कंपनीला चॉप्स पाठवायचे," डेस म्हणाला. एरवी सभेत तो तोंड उघडत नाही. "गार चॉप्स. पोस्टाने."

"ऐन उन्हाळ्यात, जानेवारीत?" मी म्हणाले. "तो पोस्टमन माझ्याच दुकानात येऊन पडेल."

"मांस पाठवायचं नाही," ग्लेनिस म्हणाली. "आपल्याला वाचनालयासारखं सभ्य राहायचंय. प्रतीक म्हणून चहाच्या पिशव्या पाठवू. टीला टी. समजणाऱ्याला समजेल."

समजणाऱ्याला समजेल हे वाक्य जिथे बोललं जातं तिथे हमखास घोटाळा होतो, पण तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. जगभरातून सिडनीच्या त्या ऑफिसात चहाच्या पिशव्यांची पोतीच्या पोती जाऊन पडली.

कंपनीला समजलं. म्हणजे त्यांना जे समजायचं ते समजलं. या चाहत्यांचा चहावर फार जीव आहे, असा अहवाल अमेरिकेला गेला. तिथल्या साहेबांनी लगोलग एका चहाच्या कंपनीशी करार केला. एव्हिसचा आवाज राहणार, एवढंच नाही तर तीच आता जाहिरातीचा चेहरा होणार. चहाच्या मगांवर तिचं वाक्य छापायलाही टाकलं. डेसला हे कळलं तेव्हा तो खुर्चीत बसला तो बराच वेळ उठला नाही.

एव्हिसची सही घ्यायला सिडनीहून टॅमसिन नावाची मुलगी आली. बिचारीने आमच्या उन्हात काळा कोट घातला होता. एव्हिसने कुंपणावरून हाक मारली, "अगं वॅझ, ये जरा. शहरातली पाहुणी आहे, मला साक्षीदार लागेल."

मी गेले. डेस आधीच कोपऱ्यात उभा होता. टेबलावर एक मग होता. त्यावर वाफांचं चित्र आणि खाली गोड अक्षरांत 'तुझा चहा गार होतोय'.

"हे काय?" एव्हिसने विचारलं.

"तुमचं वाक्य, मिसेस ट्रेगेन्झा," टॅमसिन म्हणाली. "जगातलं सगळ्यात लाडकं वाक्य."

"मी चहा पीत नाही."

"म्हणजे आज नको का?"

"म्हणजे कधीच. जन्मात प्यायले नाही. मला त्याचा वास सहन होत नाही. ते चॉप्स होते, पोरी."

टॅमसिनने डेसकडे पाहिलं. डेसने मान हलवली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बटाटे आणि वाटाणेही होते."

ती खाली बसली. "कंटेनर निघालाय," ती हळूच म्हणाली. "मगांनी भरलेला. समुद्रात आहे."

"मग त्यांना पोहायला शिकवा," एव्हिस म्हणाली. "मी खोट्यावर सही करणार नाही. माझ्या घरात चारला कुणाला चहा मिळाला नाही आणि सहाला कुणाला गार जेवण मिळालं नाही. गावाला विचार."

"आई," डेस म्हणाला, "सही नाही केलीस तर ते तुझा आवाज काढून टाकतील."

"काढू दे की. मी कुठे मागे लागलेय?"

"मला हवाय," डेस म्हणाला. एवढंच. छप्पन्न वर्षांचा बाप्या, पण चेहरा असा केला की मला तिथे उभं राहवेना.

टॅमसिन वाईट नव्हती. तिने लॅपटॉप उघडला. "एकदा ऐका तर खरं," ती म्हणाली. "तुमच्याशिवाय कसं वाटतं ते." तिने स्वच्छ केलेला आवाज लावला. पिक्सचा श्वास, बंदुकीचा खटका, शांतता, मग काहीच नाही. इतकं मोकळं वाटलं की मीच मनातल्या मनात ओरडले.

"आणि कॅप्टन?" डेस दचकून म्हणाला. "क्षमा कुठे गेली?"

"हो, ती चूक आहे आमच्याकडची," टॅमसिन म्हणाली. "यंत्राने ते वाक्य चुकून घरच्या आवाजांत टाकलंय. आम्ही ते परत कॅप्टनच्या तोंडी बसवू. हे बघा, हा वेगळा काढलेला कचरा." आणि तिने तो लावला.

नळ टपकत होता. ताटं वाजत होती. मग तरुण एव्हिसचा आवाज आला, खणखणीत, "डेस! तुझा टी गार होतोय!" आणि पाठोपाठ, खरखर सगळी निघून गेलेली, दारातून यावा तसा शांत, थोडासा हसरा आवाज आला.

"राहू दे त्याला, एव्ही."

हार्वी नव्हे. एव्ही.

एव्हिस उठून उभी राहिली. खुर्ची मागे पडली ते तिला कळलंही नाही.

"हा लेन आहे," ती म्हणाली.

टॅमसिनने आवाज थांबवला.

"कॅप्टनबिप्टन कसला, हा लेन आहे. मला एव्ही तोच म्हणायचा, दुसरं कुणी नाही. दाराशी उभा होता, हातात पुसायचा टॉवेल होता. पुन्हा लाव."

टॅमसिनने पुन्हा लावलं. मग पुन्हा. किती वेळा ते मी मोजलं नाही. एव्हिस डोळे मिटून ऐकत होती, आणि हसत होती आणि रडतही होती, दोन्हीची लाज न बाळगता. मीही रडले. मला त्या माणसाचा फोटोच काय तो माहीत होता.

डेस भिंतीला टेकला होता. "मी रोज ऐकत होतो, आई," तो म्हणाला. "रोज. आणि मला वाटायचं कॅप्टन आहे."

एव्हिसने त्याला जवळ घेतलं. तो तिच्यापेक्षा दीड हात उंच, त्यामुळे त्यालाच वाकावं लागलं. "मग काय बिघडलं?" ती म्हणाली. "लेनला कॅप्टन म्हणवून घ्यायला फार आवडलं असतं. धक्क्यावर त्याला कुणी साधा मुकादमही केला नाही."

मग तिने डोळे पुसले आणि टॅमसिनकडे वळली. आता मात्र ती सौदा करायला बसली होती, आणि शनिवारच्या बाजारात भोपळा घेताना तिचा सौदा मी पाहिलेला आहे.

"तुझ्या मगावर सही करते. चहा म्हणा, कॉफी म्हणा, सरबत म्हणा, मला काही नाही. पण टेपेतलं काही काढायचं नाही. नळसुद्धा नाही. आणि लेन बोलेल तेव्हा चित्रातल्या त्या कॅप्टनचं तोंड बंद पाहिजे. माझ्या नवऱ्याचे शब्द मी दुसऱ्याच्या तोंडात घालू देणार नाही."

"पण चाहत्यांना कॅप्टनची क्षमा हवी असेल," टॅमसिन म्हणाली.

"चाहत्यांशी मी बोलते," एव्हिस म्हणाली.

अशा रीतीने एव्हिस ट्रेगेन्झा आयुष्यात पहिल्यांदा क्लबच्या सभेला आली. सगळे उठून उभे राहिले. एकाने तर वहीवर सही मागितली, त्याला तिने बस म्हणून सांगितलं. मग घडलं ते तिने सरळ सांगून टाकलं. ऐकून हॉलमध्ये इतकी शांतता पसरली की चौकीवर तेवढी नसेल.

ग्लेनिसचा चेहरा बघवत नव्हता. उभं आयुष्य जिच्यावर लिहिलं ती क्षमा कॅप्टनने केलीच नव्हती. भांडी पुसणाऱ्या एका माणसाने बायकोला फक्त सांगितलं होतं की पोराला टीव्ही बघू दे.

"मग कॅप्टनने पिक्सला मारलं की सोडलं?" तिने विचारलं.

"मला काय ठाऊक, बाई," एव्हिस म्हणाली. "मी चॉप्स बघत होते."

कुणीतरी मागे हसलं. ग्लेनिस हसली नाही. ती खिडकीपर्यंत गेली, चष्मा पुसला, परत आली.

"माझं सगळं लिखाण चुकीच्या माणसावर आहे," ती म्हणाली.

"चुकीचं नाही," एव्हिस म्हणाली. "नाव चुकलंय. तू त्याच्याबद्दल जे लिहिलंस ते डेसने काल मला वाचून दाखवलं. हा माणूस आवाज चढवत नाही, असं लिहिलंयस. दोन शब्दांत मोकळं करतो, असं लिहिलंयस. बरोबर आहे. लेन अगदी तस्साच होता."

त्यावर ग्लेनिस रडली आणि मग सभा संपेपर्यंत एव्हिसच्या शेजारीच बसून राहिली. कॅप्टनचं तोंड बंद ठेवायचा ठराव एकमताने पास झाला. कॅनडाच्या सभासदाने फोनवरून आधी विरोध केला होता, पण एव्हिसने फोन मागितल्यावर त्याचाही विरोध मावळला.

मगांचं काय झालं ते सांगून टाकते, नाहीतर तुम्ही विचाराल. कंटेनर आला. मगाचा कान इतका लहान होता की त्यात फक्त बाहुलीचं बोट गेलं असतं. चौकीवाल्यांनी चहा लिहिलंय म्हणून घेतले नाहीत आणि चहावाल्यांना चौकी म्हणजे काय ते माहीत नव्हतं. अमेरिकेच्या साहेबांनी त्यावर उपाय म्हणून तेच मग दुप्पट किमतीला 'दुर्मीळ आवृत्ती' म्हणून काढले. टॅमसिनने नोकरी सोडली. आता ती अ‍ॅडलेडला असते, आणि क्लबची सभासद आहे.

भाग मात्र झाला. सप्टेंबरात तो पहिल्यांदा आमच्याच हॉलमध्ये दाखवायचा ठरला. एव्हिस चांगला निळा झगा घालून आली आणि पहिल्या रांगेत डेसच्या शेजारी बसली. मी तिच्या दुसऱ्या बाजूला. सुरुवातीचा अर्धा तास ती माझ्या कानात कुरकुरत होती. हा कोण, तो असा का चालतो, याच्या पाठीवर ही चिठ्ठी कसली. मग पिक्स गुडघ्यांवर आला आणि ती गप्प झाली.

शांतता पसरली. हॉल भरलेला होता, आणि दरवर्षी ओरडणारे सगळे तिथे होते, पण या वेळी कुणी ओरडलं नाही. कुणी ठरवलं नव्हतं. तिचं वाक्य तिला एकटीला बोलू दिलं.

"डेस! तुझा टी गार होतोय!"

पडद्यावर कॅप्टन ओठ मिटून उभा होता. पिक्सकडे बघत होता. आणि हॉलच्या चारही भिंतींतून लेन म्हणाला, "राहू दे त्याला, एव्ही."

खट्ट. टेप तिथेच संपते. त्या दिवशी पुढे घरात काय झालं ते त्यामुळे चौकीवाल्यांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. मी एव्हिसला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली होती, पुढे काय, मी लेनवर ओरडले, टीव्ही बंद केला आणि पोराला कानाला धरून टेबलाशी आणलं. शेवट त्याने पाहिलाच नाही.

अंधारात तिने आधी डेसकडे पाहिलं. तो तोंड उघडं टाकून पडद्याकडे बघत होता. कॅप्टन अजून उभा होता, नावं वर सरकायला लागली होती, संगीत चालू झालं होतं. मागे लोक उठायला लागले, खुर्च्या सरकल्या, कुणीतरी दिवे लावायला निघालं. एव्हिसने हात वर करून त्याला थांबवलं.

"बरं," ती म्हणाली. माझ्याशी नाही, डेसशीही नाही. "राहू दे."

आणि शेवटचं नाव वर जाईपर्यंत तिने कुणाला दिवा लावू दिला नाही.